सेल्वमच्या कमरेचं पिस्तूल

परांजपे यांनी सेल्वमला फसवलं आणि ती फसवणूक झाकायला माझा शर्ट वापरला. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. संपादकांनी सिंगापुरातल्या शिवणकामाचे गमतीदार अनुभव मागवले आहेत. गमती पुढे येतील, पण त्या वाचता वाचता मूळ मुद्दा कुणी विसरू नये.

माझे वडील इचलकरंजीत लग्नाच्या बँडवाल्यांचे गणवेश शिवत. सोनेरी झालर सरळ कशी लावायची हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. नवऱ्याला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरी लागली म्हणून मी सिंगापूरला आले. मला तिथे नोकरी करायची परवानगी नव्हती, म्हणून टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शेजारणींचे ब्लाऊज उसवून बेतात बसवून देत असे. शिवणाऱ्या बाईला लोक भाव विचारत नाहीत, सांगतात. ती सवय मी एकेकीची मोडली. पुढे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर क्वीन्सटाउनमध्ये एका जुन्या ब्लॉकच्या तळमजल्यावर दुकान घेतलं. वस्ती जुनी, भाडं कमी आणि अलेक्झांड्रा भागातली ऑफिसं चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून पुरुष गिऱ्हाइकं सुरू झाली.

पुरुषांचं शिवणं म्हणजे लपवणं. एका बँकरचा डावा खांदा दोन बोटं खाली होता; मी कोटाच्या आत पॅड घातलं आणि त्याला बढती मिळाली. बढती पॅडमुळे मिळाली असं त्याचं म्हणणं, मी नाकारलं नाही. एका नवरदेवाने पोट लपवायला सांगितलं. मी त्याला म्हटलं, पोट लपत नाही रे बाबा, पोटाकडे बघण्याचं कारण काढून टाकता येतं. मग गळ्याशी असं भरतकाम केलं की लग्नाच्या सगळ्या फोटोंत लोक त्याच्या गळ्याकडे बघताहेत. ते पोटाचं वाक्य लक्षात ठेवा. पिस्तुलालाही तोच नियम लागतो.

परांजपे मूळचे पुण्याचे. एका सुरक्षा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला कोर्टात जायचं नाही, उत्तर हवं आहे. कंपनीला हत्यारी माणसं ठेवायचा सरकारी परवाना होता. बँकेच्या दारात, पैशांच्या गाड्यांवर गणवेशातले लोक दिसतात, ते यांचे. परांजप्यांची बायको माझ्याकडून ब्लाऊज शिवून घेत असे, त्या नात्याने ते मला वहिनी म्हणत. वहिनी म्हणणारं गिऱ्हाईक दर पाडायला आलेलं असतं, एवढं मला तोवर कळत होतं.

सार्सची साथ ओसरली त्याच्या पुढल्या वर्षी ते दुकानात आले.

"वहिनी, बारा शर्ट हवेत. उन्हात घालायचे, बाहेर सोडायचे, हलके. आणि आत पिस्तूल दिसता कामा नये."

"कुणाचं?"

"आमच्या माणसांचं हो. तुम्ही घाबरलात की काय?"

"घाबरले नाही. शिलाई ठरवत होते."

जिथे दिवाळीला फटाका वाजवला तर पोलीस दारात येतात, तिथे मी पिस्तुलासाठी शर्ट शिवले, तेही पावतीसह. कंपनीची पिस्तुलं कुलूपबंद शस्त्रागारात असत. सकाळी सही करून घ्यायची, संध्याकाळी सही करून परत द्यायची, एक गोळी कमी भरली तर दारं बंद. घरी न्यायचा प्रश्नच नाही.

काम असं होतं. एका परदेशी बँकेचे श्रीमंत पाहुणे तीन दिवस येणार होते, दुपारची जेवणं हॉटेलच्या हिरवळीवर. बँकेला संरक्षण हवं होतं, पण ते पाहुण्यांना दिसायला नको होतं. गणवेश नको, कोटही नको. कोट असता तर मला कुणी बोलावलंच नसतं, कारण कोटाखाली अर्धं पिस्तूल आपोआप लपतं. पण सिंगापूरच्या उन्हात हिरवळीवर कोट घालून उभा राहणारा माणूस एकतर नवरदेव असतो नाहीतर पहारेकरी, आणि नवरदेव बारा नसतात.

"दर सांगा. घरच्यासारखा," परांजपे म्हणाले.

"घरच्यांना मी दुप्पट लावते. ते तक्रार करत नाहीत."

दर माझा ठरला. पैसेही पुढे चोख मिळाले, तेव्हा माझं भांडण पैशाचं नाही हे इथेच नोंदवते. मी एकच अट घातली: आधी पिस्तूल दाखवा. आत काय आहे हे न बघता बाहेरचं कापड मी कापत नाही. परांजपे म्हणाले, पिस्तूल अजून ठरायचंय. मी म्हटलं, मग मी असतानाच ठरवा.

शस्त्रागाराचे मुख्य मिस्टर टॅन होते. चिनी, पन्नाशी उलटलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी टेबलावर हिरवं कापड अंथरून तीन रिकामी पिस्तुलं ठेवली. अंगावर घालून बघायला सेल्वमला उभं केलं होतं, कारण बाराजणांत त्याचा बांधा सर्वांत मधला. सेल्वम तिथलाच जन्मलेला तमिळ, तिशीचा, हसरा. साध्या कपड्यातल्या या नव्या तुकडीत त्याला यायचंच होतं. त्याची बायको हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स होती, घरी दोन लहान मुली. नव्या तुकडीला फक्त दिवसाची पाळी मिळणार होती. नाहीतर मुलींना रात्री सांभाळणार कोण, हा त्याच्या घरातला रोजचा प्रश्न होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लपवायचं तर नळी आखूड हवी. मलाही तसंच वाटत होतं. अर्ध्या तासात कळलं की नळी पँटीच्या आत खाली जाते, ती कितीही लांब असली तरी कुणाला दिसत नाही, बसताना टोचते एवढंच. चुगली करते ती मूठ. पिस्तूल उजव्या कमरेच्या हाडामागे, पट्ट्याच्या आत, चामड्याच्या म्यानात बसतं आणि मूठ पट्ट्याच्या वर मागे तोंड करून राहते. माणूस वाकला की ती शर्टाला तंबूच्या काठीसारखी उचलते. दुसरी चुगलखोर म्हणजे जाडी. आणि तिसरं वजन, कारण भरलेलं पिस्तूल पट्टा खाली ओढतं आणि सरळ उभा माणूसही एका बाजूने दमल्यासारखा दिसतो.

पहिलं पिस्तूल पातळ होतं, गोळ्या एकाखाली एक अशा एकाच रांगेत, मूठ इतकी आखूड की करंगळीला जागा नाही. दुसरं तितकंच पातळ, मूठ लांब. तिसऱ्यात गोळ्यांच्या दोन रांगा, म्हणून ते जाड. मूठ हातभर नव्हे पण हात भरून. हे तिसरं कंपनीकडे आधीपासून होतं, गणवेशातले लोक ते उघड्यावर लावत; पहिली दोन नमुन्यापुरती आणलेली.

"छोटं लपवायला सोपं, चालवायला अवघड," टॅन म्हणाले. "मोठं चालवायला सोपं, लपवायला अवघड. दोन्ही सोपं असलेलं अजून कुणी मला विकलेलं नाही."

"याचा नेम कशाने लागतो?" मी सेल्वमकडे बोट दाखवलं.

"तिन्हींनी पास. पहिल्याला जास्त सराव लागला."

मी सेल्वमला माझा नमुन्याचा शर्ट घातला आणि एकेक पिस्तूल लावून कवायत करून घेतली. खुर्चीत बस. बुटाची नाडी बांध. वरच्या फळीवरची फाईल काढ. मी पेन पाडते, ते उचलून दे. पेन मी इतक्यांदा पाडलं की शेवटी तो तिकडच्या इंग्रजीत म्हणाला, "आंटी, युअर हँड गॉट प्रॉब्लेम, ला."

"हाताला काही झालेलं नाही. तुझ्या पाठीकडे बघतेय."

तिसरं पिस्तूल पहिल्याच पेनला उघडं पडलं. दुसरं नाडी बांधताना. पहिल्याने कुठेच दगा दिला नाही. परांजपे दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "ठरलं मग. पहिलं." टॅननी कागदावर लिहिलं, चौघांनी सह्या केल्या, कागद परांजप्यांनी घेतला.

मी शर्ट कापले ते त्या पहिल्या पिस्तुलासाठी. कापड थोडं अंग असलेलं सुती घेतलं, कारण तलम कापड घामाने पाठीला चिकटतं आणि आतली वस्तू चित्र काढल्यासारखी दिसते. वर गडद बाटिकची दाट नक्षी. तिकडे बाटिकचा शर्ट बाहेर सोडून मंत्रीसुद्धा समारंभाला जातात, तेव्हा वेषही साजतो आणि नक्षीत डोळा हरवतो. हेच ते कारण काढून टाकणं. उजव्या बाजूची चीर शिवून टाकली, डावीकडे ठेवली. शर्ट खांद्यावरून लोंबेल, कमरेला टेकणार नाही असा बेत धरला. आणि आतून, मूठ जिथे घासणार तिथे, काळ्या अस्तराचा पट्टा लावला. मुठीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा. बारा शर्टांना बारा पट्टे.

राहिली होती थोडी हातशिलाई आणि शेवटची ट्रायल. पूर्ण भरलेलं पिस्तूल, खरा पट्टा, खरं ऊन, बाराही माणसं, एक अख्खा दिवस. ही ट्रायल मी पहिल्याच दिवशी मागून घेतली होती. मग परांजप्यांचा फोन आला.

"वहिनी, शर्ट आठ दिवस आधी हवेत."

दिवाळी तोंडावर होती. माझ्या टेबलावर ब्लाऊजच्या कापडांचा ढीग छातीपर्यंत आला होता. मी त्यांना जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. ते शांतपणे ऐकत राहिले. शांत ऐकणाऱ्या माणसाशी घासाघीस करताना सावध राहावं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

"बरं, राहू दे. तारीख जुनीच ठेवू," ते म्हणाले. "वर चार दिवस देतो. पण मग ती शेवटची ट्रायल सोडा. बारा माणसं एक दिवस ड्युटीवरून काढणं मला परवडत नाही."

"सहा दिवस द्या."

"पाच."

"सहा. नाहीतर ट्रायल होणार, उद्याच होणार, आणि मी शस्त्रागाराच्या दारात बसणार."

"घ्या सहा. तुमच्यापुढे कुणाचं चाललंय? एक ओळ ईमेल करून टाका."

मी ईमेल केली. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, परांजप्यांना आज चांगलं वाकवलं.

"काय मिळवलंस?"

"सहा दिवस."

"आणि दिलंस काय?"

"काही नाही. एक ट्रायल."

हिरवळीवरची जेवणं सुरू झाली. पहिला दिवस पार पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वृद्ध पाहुणीची काठी पडली. सेल्वम शेजारी होता, त्याने वाकून उचलली. बाईंना त्याच्या पाठीवर फुगवटा दिसला. हा वाढपी बाटली चोरून नेतोय अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी उचलून दिलेल्या काठीनेच तिथे टोचून विचारलं, हे काय लपवलंयस? काठीने शर्ट वर सरकला. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी 'गन' म्हणून ओरडलं आणि सगळी हिरवळ उठली. पाहुण्यांना भीती वाटू नये म्हणून ठेवलेल्या माणसाला बघून पाहुणे टेबलांखाली शिरले. कुणाला इजा झाली नाही. एक गृहस्थ पुडिंगच्या ताटात बसले, तेवढंच.

कंपनीचा अहवाल परांजप्यांनी लिहिला. त्यात दोन कारणं होती: शर्टाच्या शिलाईतला दोष आणि कर्मचाऱ्याची बेफिकिरी. सेल्वमला तुकडीतून काढून बंदराच्या फाटकावर रात्रपाळीला लावलं, ट्रकचे कागद बघायला.

मला हे सेल्वमकडूनच कळलं. तो शर्ट घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर टाकला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"आंटी, यू कट राँग," तो म्हणाला. "तू चुकीचा कापलास, आणि माझी पाळी गेली. बायको आता नोकरी सोडायचं म्हणतेय."

माझा पारा चढला. माझ्या कात्रीला कुणी चूक म्हटलेलं मी ऐकून घेत नाही. मी शर्ट उलटा केला, त्याला अस्तर दाखवायला. पिस्तुलाच्या तेलाचा काळपट ओघळ अस्तराच्या पट्ट्यावर नव्हताच. तो पट्ट्याच्या बाहेर, दोन बोटं वर आणि दोन बोटं मागे, उघड्या कापडावर होता. जागा घासून सुती धागा पिंजला होता. मी बोटभर जास्त ठेवून पट्टा लावला होता. पहिल्या पिस्तुलाची मूठ तिथे पोचणं शक्य नव्हतं.

"तुझ्या कमरेला कुठलं होतं?"

"थर्ड वन. मोठं," तो म्हणाला. "मिस्टर परांजपे म्हणाले, टेलरने याच्यासाठीच नवीन माप घेतलंय."

"मला कुणी विचारलंही नाही."

त्याने त्या ओघळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मी सही करून घेतलं ते पिस्तूल. माझीच सही. आता बोललो तर म्हणतील, तेव्हा का नाही बोललास."

दुसऱ्या दिवशी मी परांजप्यांच्या अलेक्झांड्राच्या ऑफिसात गेले, शर्ट पिशवीत घालून. परांजप्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

"बसा वहिनी."

"वहिनी म्हणू नका. टेलर म्हणा. पहिलं पिस्तूल कुठे गेलं?"

"अहो, ते विकत घ्यायला नवी परवानगी लागणार होती. कितीतरी महिने गेले असते. तिसरं आमच्याकडे पडूनच होतं. आणि फरक केवढा, एक इंचाचा."

"एक इंच म्हणजे काय हे तुम्ही मला सांगणार?"

"आवाज खाली घ्या, काचेचं ऑफिस आहे."

मी आवाज वर घेतला. काचेपलीकडच्या दहा माणसांना मराठी येत नव्हतं, पण मुद्दा समजला असावा. मी म्हटलं, अहवाल बदला, पिस्तूल बदललं होतं असं लिहा, त्या माणसाला त्याची दिवसपाळी परत द्या. परांजप्यांनी ड्रॉवर उघडून एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझीच ईमेल होती, छापून ठेवलेली. शेवटच्या ट्रायलची गरज नाही, सहा दिवस चालतील.

"ती ट्रायल झाली असती तर तिथेच कळलं असतं, नाही का?" ते म्हणाले. "अहवालात हेही घालू शकलो असतो. घातलं नाही. तुमच्या दुकानाचा विचार केला."

म्हणजे ते आठ दिवस आधीचं वगैरे काही नव्हतंच. त्यांना तारखेशी देणंघेणं नव्हतं, माझी ट्रायल टाळायची होती. माझ्याकडून ती त्यांनी मला जिंकू देऊन काढून घेतली. इतक्या वर्षांच्या घासाघिशीत मला कुणी असं कापलं नव्हतं, आणि कापणारा टेलरही नव्हता. चहा न पिता मी उठले.

सेल्वमला मी त्या ईमेलचं खरं सांगितलं. फाटकाजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांत, त्याच्या पाळीच्या आधी. माझं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "सिक्स डेज ओन्ली, आंटी?"

त्या सहा दिवसांत मी अकरा ब्लाऊज शिवले. त्यातला एक परांजप्यांच्या बायकोचा.

सेल्वमच्या बायकोने नोकरी सोडली. तो पुढे त्याच फाटकावर राहिला, मुली तिथूनच मोठ्या केल्या. मी मुलींच्या शाळेचे गणवेश शिवून देत असे, आणि तो दर वेळी पैसे विचारत असे, आणि मी दर वेळी काहीतरी आकडा सांगून त्याला घासाघीस करू देत असे. तो जिंकत असे. टॅन निवृत्त होताना मला भेटायला दुकानात आले होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही का बोलला नाहीत? ते म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही. पण रजिस्टर मी नीट ठेवलंय. नाव, पिस्तुलाचा नंबर, कुणाच्या हुकमाने दिलं, सगळं त्या सकाळच्या पानावर आहे. कुणी उघडलं तर." कुणी उघडलं नाही. सेल्वमला मागता येत नव्हतं, मला मागायचा अधिकार नव्हता. ज्यांना अधिकार होता त्यांचीच त्या पानावर सही.

दुकान मी आता बंद केलं आहे. मशीन विकली, कात्र्या वाटल्या. तो एक शर्ट ठेवला आहे, उलटा घडी घातलेला, अस्तर वर करून.

परांजपे निवृत्त होऊन पुण्यात असतात. सुरक्षेच्या व्यवस्थापनावर व्याख्यानं देतात, असं कळलं. हा अंक त्यांच्या घरी दरवर्षी जातो हे मला माहीत आहे, कारण त्यांची बायको मला त्यातल्या पाककृती कळवायची. तेव्हा परांजपे, हे तुमच्यासाठी आहे. मला पत्र नको, दिलगिरी नको, वहिनी नको. सेल्वमला लिहा. त्या दुपारी त्याच्या कमरेला कुठलं पिस्तूल होतं आणि ते कुणी द्यायला सांगितलं, खाली सही करून लिहा. मुलींना दाखवायला त्याला तो कागद हवा आहे. माझ्या सहा दिवसांचा जबाब मी वर दिला आहे. आता तुमचा द्या.